तायक्वांदो : शब्द आणि इतिहास
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी खेळाडू नाही. बँकेत कारकुनी करतो. माझी मुलगी मात्र तायक्वांदो शिकते. घरात 'हाना, दुल, सेत, नेत' असे कोरियन आकडे मोजत लाथा मारण्याचा सराव करते. एकदा तिने विचारले, "बाबा, ही कला दोन हजार वर्षांची आहे म्हणतात, ते खरं का?" मला उत्तर देता आले नाही. म्हणून वाचन केले. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम शब्द पाहू. 'ताय' म्हणजे पायाचा आघात, 'क्वान' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. हातापायांनी लढण्याचा मार्ग तो तायक्वांदो. 'चागी' म्हणजे लाथ. समोर मारली तर 'आप चागी', बाजूने मारली तर 'यप चागी'. 'मक्की' म्हणजे वार अडवणे. 'सिजाक' म्हटले की सुरू करायचे, 'कुमान' म्हटले की थांबायचे. जगातल्या कोणत्याही देशात जा, हे शब्द कोरियनच राहतात.

या आग्रहामागे इतिहास आहे. 1910 ते 1945 या काळात कोरिया जपानच्या ताब्यात होता. शाळांतून कोरियन भाषा मागे सारली गेली. 1940 साली लोकांना जपानी धर्तीची नावे घेण्यास भाग पाडले गेले. ज्याचे नाव हिरावले जाते, त्याला नावाची किंमत कळते. ही गोष्ट आपल्या समाजाला वेगळी सांगायला नको.

त्याच काळात काही कोरियन तरुण जपानमध्ये शिकायला गेले आणि तेथे कराटे शिकले. ली वोन-कुक हे त्यांपैकी एक. त्यांनी 1944 मध्ये सोलमध्ये 'चुंग दो क्वान' ही शाळा काढली. स्वातंत्र्यानंतर अशा अनेक शाळा निघाल्या. त्यांतील कलेला 'तांगसूदो' किंवा 'कोंगसूदो' म्हणत. ही नावे म्हणजे 'कराटे-दो' याच चिनी अक्षरांचे कोरियन उच्चार होते. 1955 साली 'तायक्वांदो' हे नाव पुढे आले. त्यात जनरल चोई हाँग-ही यांचा पुढाकार होता. 'तेक्यन' या जुन्या कोरियन पायखेळाच्या नावाशी जुळणारा ध्वनीही त्यात साधला होता. पुढे 1973 मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला, 1988 मध्ये सोल ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिके झाली आणि 2000 मध्ये सिडनीत पदके दिली गेली.

मग दोन हजार वर्षांचे काय? कोरियात जुन्या युद्धकला होत्या, यात शंका नाही. 1790 साली राजाज्ञेने तयार झालेल्या 'मुये दोबो तोंगजी' या ग्रंथात निःशस्त्र लढण्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेक्यन तर सोंग दोक-गी यांच्यासारख्या वृद्ध जाणकारांमुळे टिकला आणि 2011 साली युनेस्कोच्या वारसा यादीत आला. परंतु आजच्या तायक्वांदोची सुरुवातीची बैठक कराटेतून आली. उंच आणि वेगवान लाथांचे वैभव कोरियनांनी त्यावर स्वतः उभे केले. आम्ही बँकेत मागची वही पाहिल्याशिवाय शिल्लक सांगत नाही. इथेही तोच नियम लावला पाहिजे.

आता आपल्या जिव्हाळ्याचा एक शब्द. सरावाच्या जागेला 'दोजांग' म्हणतात. जपानी 'दोजो' हीच अक्षरे. चीनमध्ये बौद्ध ग्रंथांची भाषांतरे झाली, तेव्हा 'बोधिमंड' या शब्दासाठी ही अक्षरे योजली गेली. बोधिमंड म्हणजे भगवान बुद्धांना संबोधी प्राप्त झाली ती जागा. कोरियातल्या विहारांत तीच अक्षरे आजही 'दोर्यांग' अशी उच्चारतात. तसेच 'कुमगांग' म्हणजे वज्र. त्या नावाचा एक सरावक्रम काळ्या पट्ट्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. आठव्या शतकातील सोक्कुराम लेण्याच्या प्रवेशाशी उभे असलेले वज्रधारी रक्षकही 'कुमगांग'च.

हे वाचून मला प्रथम अभिमान वाटला. मुलीला सांगावेसे वाटले, ही कला आपलीच! पण थांबलो. शब्द जुना आहे म्हणून कला जुनी ठरत नाही आणि शब्द बौद्ध आहे म्हणून कला बौद्ध ठरत नाही. दुसऱ्यांच्या दंतकथा तपासायच्या आणि आपल्या सोयीची दंतकथा तेवढी जपायची, हे बुद्धाच्या विद्यार्थ्याला शोभणारे नाही. कालाम सुत्तात त्यांनी आपल्याला हेच सांगितले आहे : परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखा.

मी मुलीला उत्तर दिले, "बाळ, तुझी कला माझ्यापेक्षा थोडीच मोठी आहे. एका हरलेल्या देशाने परक्याकडून शिकलेली विद्या आपल्या श्रमाने बदलली, तिला आपल्या भाषेत नाव दिले आणि जगाला शिकवली." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "हे तर जास्त चांगलं आहे."

विद्यार्थी मित्रांनो, मोठेपणासाठी खोट्या वंशावळीची गरज नसते. सराव करा, शब्दांचे अर्थ विचारा आणि दोजांगमध्ये पाऊल टाकताना त्या शब्दाची आठवण ठेवा.