मागचा आस आणि ब्रेकची नळी

जुनी मोटार सांभाळणे हा छंद आहे, असे लोक म्हणतात. माझ्या मते ती एक जबाबदारी आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली अँबॅसडर गाडीची निर्मिती थांबली, तरी आमच्या बडोद्यात ती अजून काही अंगणांतून दिसते. तशीच एक जुनी माझ्याही दारी आहे. तिचा मागचा आस, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ॲक्सल, निकामी झाला, तेव्हा मी दुसऱ्या बनावटीच्या गाडीचा आस मिळविला. चौघांनी मिळून ते अवजड धूड उचलले, पाट्यांशी आवळले, आणि काम फत्ते झाले अशा समजुतीने आम्ही चहाला बसलो.

उरले होते ते ब्रेकच्या नळ्या जोडण्याचे काम. तेच आम्ही किरकोळ मानले. जुन्या नळ्यांचे नट नव्या आसाच्या जोडात अडखळले. मी पान्याला जोर दिला, तसे ते बसले. दुसऱ्या दिवशी गाडी फाटकापर्यंत नेऊन ब्रेक दाबला, तोच पेडल अलगद तळाला गेले. हातब्रेक स्वतंत्र तारेवर चालतो, म्हणून गाडी थांबली. फाटकाबाहेरून त्या वेळी शाळेची मुले चालली होती.

चूक माझीच होती. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातील सिद्धांत. ब्रेकची सारी करामत त्यावर चालते. परंतु त्या पिढीच्या बहुतेक मोटारींत चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असे. एक जोड गळला की चारही चाके बेलगाम! माझ्या नटाचे आटे इंची मापाचे होते, आसाच्या जोडाचे मेट्रिक मापाचे. जबरीने बसविलेला नट वरून घट्ट दिसला, एवढेच.

मग सारे पुन्हा केले. योग्य मापाचे नट आणले आणि साधारण पाच मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळ्या कापल्या. नट आधी नळीत ओवून मगच तिचे तोंड फुलवावे लागते. आणि त्या तोंडाचा आकार जोडातील बैठकीशी जुळावा लागतो. साधी तांब्याची नळी वाकवायला सोपी, पण हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. तो मोह टाळला. सांगाड्यापासून आसापर्यंतची रबरी नळी अशा लांबीची घेतली, की चाके अधांतरी लोंबली तरी ती ताणू नये, पिळू नये, कोठे घासू नये.

शेवटचे काम हवा काढण्याचे. तेल दबत नाही, हवा दबते; म्हणून नळीत हवा राहिली की पेडल मऊ लागते. सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने निपल सैल करावे, आणि पाय उचलण्यापूर्वी ते बंद करावे. तेल सीलबंद डब्यातलेच घ्यावे, कारण ते ओलावा शोषते. डॉट ३ जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सियस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. अखेरीस पेडल जोराने दाबून धरवून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहिला. कागद कोरडाच राहिला.

आता गाडी रस्त्यावर आहे. तरी फाटक ओलांडण्यापूर्वी मी दर वेळी एकदा ब्रेक दाबून पाहतो. जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाने ही सवय लावून घ्यावी, एवढीच विनंती.