शेवटच्या आजारात आपलं म्हणणं कोण ऐकणार?

 आजचा विषय जरा जड आहे. पण तो प्रत्येक घरात कधी ना कधी येतोच, म्हणून हातातलं काम चालू ठेवून ऐका.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही भरून झाली, तरी एक ताई गप्पच बसलेली. विचारलं तेव्हा म्हणाली, "सासूबाईंना जाऊन महिना झाला, पण ते अकरा दिवस डोळ्यांपुढून हलत नाहीत." सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. एका खासगी दवाखान्यात अकरा दिवस श्वासाच्या यंत्रावर होत्या. आता सुधारणा होणार नाही, हे तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. गटाचं कर्ज काढलं, शेळ्या विकल्या. शेवटी "स्वतःच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करून रुग्णवाहिकेतून आणलं आणि वाटेतच त्यांचा जीव गेला. ताई म्हणाली, "मला त्या कितीदा म्हणाल्या होत्या, नळ्या लावू नका, माझ्या ओसरीवर जाऊ द्या. पण मला कुणी विचारलंच नाही. आणि मी आपणहून बोलले असते, तर सुनेनंच मारलं म्हणाले असते."

तेव्हा दुसरीनं विचारलं, "यंत्र काढणं म्हणजे दयामरण ना? तो तर गुन्हा आहे!" आम्हांला नीट सांगता येईना. म्हणून आम्ही माहिती काढली. तीच आज सांगतो.

आधी शब्द समजून घेऊ. दुखण्यातून सोडवायचं म्हणून सुई देऊन किंवा औषध पाजून जीव घेणं, हा एक प्रकार. आपल्या देशात तो गुन्हाच आहे, डॉक्टरांनी केला तरी आणि घरच्यांनी केला तरी. दुसरा प्रकार वेगळा. आजार बरा होणारच नाही, उपचारांनी मरण फक्त लांबतं आहे, अशा वेळी यंत्र न लावणं किंवा लावलेलं काढणं आणि आजाराला त्याच्या वाटेनं जाऊ देणं. याला आपल्याकडे आता परवानगी आहे, पण ठरलेल्या पद्धतीनंच.

इथवर यायला बरीच वर्षं लागली. इंग्लंडात 1935 साली यासाठी पहिली संस्था निघाली. असह्य दुखण्यातल्या माणसाला स्वतःच्या मर्जीनं मरण मागता यावं, अशी तिची मागणी होती. पण चारच वर्षांनी जर्मनीत हिटलरच्या सरकारनं दयेचंच नाव पुढं करून अपंग आणि मनोरुग्ण माणसांना मारायला सुरुवात केली. दोन वर्षांत सत्तर हजारांवर माणसं मारली. त्यांची मर्जी कुणी विचारली नव्हती. सरकारच्या लेखी ती फुकट पोसायची तोंडं होती. म्हणून या विषयात पहिला प्रश्न हाच विचारायचा, की मर्जी कुणाची? पुढं 2002 साली नेदरलँड्समध्ये कडक अटींसह डॉक्टरांच्या हातून मरण घेण्याचा कायदा लागू झाला. आपण त्या वाटेनं गेलो नाही.

आपल्याकडे 1981 साली मिनू मसानी यांनी मुंबईत सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. पुढच्याच वर्षी पवनारच्या आश्रमात विनोबाजींनी अखेरच्या आजारात अन्न आणि औषध सोडलं आणि 15 नोव्हेंबर 1982 ला देह ठेवला. हे पाप की पुण्य, यावर तेव्हा घराघरांत बोललं गेलं. पण कायदा हलला तो एका नर्समुळे.

अरुणा शानबाग हे नाव तुमच्यातल्या पुष्कळजणींनी ऐकलं असेल. कर्नाटकातल्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईला परळच्या केईएम रुग्णालयात नर्स होती. 27 नोव्हेंबर 1973 ला तिथल्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर लैंगिक अत्याचार केला आणि साखळीनं तिचा गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. ती जगली, पण पुन्हा कधी उठली नाही, बोलली नाही. हल्लेखोराला चोरी आणि जीवघेण्या हल्ल्यासाठी सात वर्षं झाली. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा त्याच्यावर लागलाच नाही.

त्यानंतर केईएमच्या नर्सनी तिला सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तरी तिचं न्हाणं, कूस बदलणं, मऊ केलेलं अन्न भरवणं चालूच राहिलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही तिला जखमा पडू दिल्या नाहीत. तिला दुसरीकडे हलवायचा प्रयत्न झाला, तेव्हा नर्स एकजुटीनं आड उभ्या राहिल्या.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणावर पुस्तक लिहिलं होतं. हे जगणं नव्हे, तिला आता जाऊ द्या, असा अर्ज त्यांनी सर्वोच्च न्यायालयात केला. नर्स म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही तिचं करू. दोन्हीकडे मायाच होती. 7 मार्च 2011 ला निकाल लागला. न्यायालयानं म्हटलं, अरुणाच्या वतीनं बोलायचा अधिकार तिला रात्रंदिवस सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा आहे. त्यांना ती जगायला हवी आहे, म्हणून अर्ज नामंजूर. मात्र त्याच निकालानं, उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा मोकळी केली. अरुणा 18 मे 2015 ला न्यूमोनियानं गेली. जवळजवळ बेचाळीस वर्षांनी.

मैत्रिणींनो, सेवा करणाऱ्या हातांना न्यायालयानं आवाज दिला. आमच्या गटातल्या त्या ताईला मात्र घरात तो मिळाला नाही.

9 मार्च 2018 ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं, की सन्मानानं मरणं हा सन्मानानं जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि माणसाला आपली इच्छा आधीच लिहून ठेवता येईल. याला लिव्हिंग विल म्हणतात. जमिनीचं मृत्युपत्र आपण मेल्यावर उघडतं, हे आपण जिवंत असताना पण बोलता येत नसताना कामाला येतं. 24 जानेवारी 2023 ला त्याची पद्धत सोपी केली. वय अठराच्या वर हवं आणि शुद्धीत, स्वखुशीनं लिहिलेलं हवं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते. आपल्या वतीनं कोण बोलणार, त्यांची नावं लिहायची. मन बदललं तर कागद बदलता येतो.

नुसत्या कागदावर यंत्र निघत नाही. आधी रुग्णालयातल्या तीन डॉक्टरांचं मंडळ तपासतं, मग दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं असतं. यंत्र काढण्यापूर्वी मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं. कागद लिहिलेला नसेल, तर घरच्यांच्या संमतीनं अशीच पद्धत आहे.

आता आमच्या मनातली भीती सांगतो. म्हाताऱ्या बाया सहज म्हणतात, "देवा, आता ने गं बाई, लेकरांना त्रास नको." ही इच्छा म्हणायची, की आपण ओझं झालो हे दुःख? अपंग लेक, विधवा आत्या, विसरभोळी आजी, यांच्याबद्दल "सुटेल बिचारी" म्हणताना सुटका कुणाची, हे स्वतःला विचारायला हवं. पैसे नाहीत म्हणून बरं होणारं माणूस घरी आणणं ही सक्ती आहे, तिला सन्मानाचं मरण म्हणू नये. पुष्कळदा माणूस मरण मागतं ते वेदना सोसवत नाहीत म्हणून. वेदना कमी करणारी पॅलिएटिव्ह सेवा असते. कॅन्सरच्या दुखण्याला मॉर्फिनच्या गोळ्या असतात, 2014 मध्ये कायदा बदलून त्या मिळणं सोपं केलं आहे. आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालयात विचारा. आधी दुखणं थांबवा, मग इच्छा विचारा.

आम्ही गटात एक ठरवलं आहे, तुम्हीही करून बघा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं, की मी बरी होणार नसले तर मला काय हवं आणि काय नको. काहीजणी म्हणतील, शेवटपर्यंत सगळे उपचार करा. तेही बरोबरच आहे. मग तेच घरी मुलगा, सून, नवरा सगळ्यांसमोर बोलायचं, म्हणजे एकट्या सुनेच्या डोक्यावर ते राहणार नाही. ज्यांना हवं त्यांनी रीतसर कागद करायचा. आणि घरात कुणी अंथरुणावर असेल, तर निर्णयाच्या वेळी डॉक्टरांना सांगायचं, की हिचं सगळं मी करते, माझंही ऐका.

ती ताई परवा भेटली. म्हणाली, "आईला विचारलं. ती म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं." तुम्हीही विचारा.