भूकंपाची चाहूल

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या बीडशेजारच्या लातूर जिल्ह्यात, किल्लारी परिसरात, हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. आधी इशारा मिळाला असता तर? याच प्रश्नापायी काही भौतिकशास्त्रज्ञ जमिनीतून निघणारा रेडॉन वायू आणि आकाशातील विद्युतभारित थरांतले बदल आयुष्यभर मोजत राहतात. फ्रान्सने २००४ साली डेमेटर उपग्रह याच कामासाठी सोडला. पण तसे बदल सूर्यावरील वादळांनीही होतात. म्हणून खात्रीचा इशारा अजून देता येत नाही. चाहूल लागली पण भूकंप झाला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवावे लागते. मुलामुलींनो, गणिताला भिऊ नका. हे काम तुमची वाट पाहत आहे. पालकहो, मुलीचे शिक्षण दहावीवर थांबवू नका. आणि तोवर अफवांवर विसंबू नका, घरे मजबूत बांधा.