४ जीबी रॅम, तीन आठवडे आणि एक एडिटर

आजचा भाग खरं तर एपीआयवर करणार होतो, पण मध्येच एक मेसेज आला आणि तो काही डोक्यातून जाईना. म्हणून एपीआय पुढच्या वेळी.

मेसेज पाठवणारा सेकंड इयरला आहे. "दादा" म्हणून सुरुवात केलीय. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. व्हीएस कोड उघडला की पंखा मिक्सरसारखा वाजतो. हॉस्टेलच्या सीनियर्सनी सांगितलं की व्हीएस कोड पोरासोरांचं काम, खरा प्रोग्रॅमर व्हिम वापरतो. मग हा निओव्हिमच्या मागे लागला. तीन आठवडे नुसतं कॉन्फिग. थीम झाली, आयकॉन झाले, खाली रंगीत पट्टी आली. असाइनमेंट मात्र एकही झाली नाही. आता विचारतोय, बाबांकडे नवीन लॅपटॉप मागू का?

हे वाचून मला हसू आलं नाही, कारण हे सगळं मी केलंय. फक्त माझ्या वेळी एडिटर वेगळा होता: ॲटम.

आत्ताच्या मुलांना ॲटम माहीत नसेल. गिटहबने काढलेला, अगदी देखणा, हवा तसा बदलता येणारा. मी त्याच्यावर अक्षरशः जीव लावला होता. आणि गंमत बघा. ज्या इलेक्ट्रॉनवर आज व्हीएस कोड चालतो, तो इलेक्ट्रॉन मुळात ॲटमसाठीच बनवला होता. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच इलेक्ट्रॉनवर व्हीएस कोड आणला, २०१८ मध्ये गिटहबच विकत घेतलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये ॲटम बंद. माझे सगळे शॉर्टकट, स्निपेट, जमवलेले पॅकेज, सगळं संपलं. एका घरात दोन सारखे एडिटर कोण कशाला पोसेल, हेही खरंच म्हणा.

उलट व्हिम बघा. ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये तो लोकांसमोर आणला आणि वर्षानुवर्षं सांभाळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले. व्हिम मात्र चालू आहे, दुसऱ्या लोकांनी हातात घेतला. नुसता व्हिम उघडलात तर पहिल्या स्क्रीनवर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असा मजकूर दिसतो, तो त्यांचाच. एवढी वर्षं त्यांनी स्वतःसाठी पैसे न मागता तिकडे पाठवायला सांगितले.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सीनियर बरोबर होते? थांबा जरा.

पहिल्या नोकरीतला किस्सा सांगतो. कंपनीचं नाव जाऊ द्या. रात्री साडेअकराला क्लायंटची साइट बंद पडली. कॉन्फिग फाइलमध्ये एक पोर्ट नंबर चुकला होता. एक आकडा बदलायचा, बस. एसएसएचने सर्व्हरवर गेलो तर तिथे फक्त व्हीआय. फाइल उघडली आणि टाइप करायला लागलो, तर अक्षरं उमटेनात, उलट ओळीच गायब व्हायला लागल्या! कारण व्हीआय उघडतो तेव्हा प्रत्येक अक्षर म्हणजे एक कमांड असते, हे मला माहीतच नव्हतं. घाबरून सवयीने कंट्रोल एस दाबलं. झालं, स्क्रीनच गोठली. टर्मिनलमध्ये कंट्रोल एस म्हणजे सेव्ह नाही, आउटपुट थांबव. ते कंट्रोल क्यूने सुटतं. हे कुणाला माहीत? कुणीही शिकवलं नव्हतं.

शेवटी टीमलीड मॅडमना झोपेतून उठवलं. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "आधी कंट्रोल क्यू. मग एस्केप दाब. कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर." बाहेर आलो. काही सेव्ह झालंच नव्हतं म्हणून फाइल वाचली. पुढच्या दोन मिनिटांत त्यांनी आकडा बदलून घेतला. माझ्यापुढे ॲटमचं नटवलेलं कॉन्फिग होतं आणि त्याचा उपयोग शून्य!

व्हीआय असा विचित्र का, हे नंतर कळलं. बिल जॉय यांनी तो १९७६ च्या सुमाराला बर्कलीत लिहिला, ३०० बॉडच्या मोडेमवरून. स्क्रीनवर अक्षरं रखडत यायची, म्हणून कमांड एकेका अक्षराच्या. आणि एच, जे, के, एल ने कर्सर हलतो, कारण त्यांच्या टर्मिनलच्या कीबोर्डवर बाणांची चिन्हं त्याच बटणांवर छापलेली होती. म्हणजे ती त्या काळाची अडचण होती, आणि आज लोक तिला शौर्य म्हणून मिरवतात.

तर मित्रा, आता तुझं. निओव्हिमचं कॉन्फिग आज बंद कर. टर्मिनलमध्ये "व्हिमट्यूटर" ही कमांड दे, साधारण अर्ध्या तासाचा धडा आहे, व्हिमबरोबरच येतो. फाइल उघडणं, आय दाबून लिहिणं, एस्केप, यू ने अंडू, सेव्ह करून बाहेर पडणं. सर्व्हरवर जीव वाचवायला एवढं पुरतं. आवडलं तर पुढे जा, नाही तर नको.

रोजच्या कामाला व्हीएस कोड वापरायचाच असेल तर हेल्प मेन्यूत प्रोसेस एक्सप्लोरर उघड. कोण किती मेमरी खातंय ते दिसेल. बहुतेक वेळा दोषी असतात तुझे एक्स्टेन्शन. या प्रोजेक्टला जे लागत नाहीत ते फक्त याच वर्कस्पेससाठी बंद करता येतात. क्रोममधले वीस टॅबही बंद कर, इलेक्ट्रॉनच्या पोटात क्रोमियमच आहे, म्हणजे तू दोन ब्राउझर चालवतोयस. तरीही जड गेलं तर सब्लाइम टेक्स्ट. हलका आहे, मध्येमध्ये विकत घ्या म्हणून विचारतो, पण ट्रायलला मुदत नाही.

आणि एडिटर बदलला तर सगळं पुन्हा शिकावं लागेल, ही भीती आता पूर्वीएवढी उरली नाही. २०१६ पासून लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आहे. कोड सुचवणारा मेंदू एडिटरपासून वेगळा झालाय. तोच पायथनचा सर्व्हर व्हिमलाही चालतो, सब्लाइमलाही. काही एक्स्टेन्शन मायक्रोसॉफ्टने फक्त स्वतःच्याच प्रॉडक्टपुरते ठेवलेत, तेवढं लक्षात ठेव.

अजून एक, आपल्या लोकांसाठी. ॲपमध्ये मराठी मजकूर लिहिणार असाल तर तुमच्या टर्मिनलमध्ये "प्रात्यक्षिक" टाइप करून बघा. बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटतात, कर्सर भलतीकडेच असतो. व्हीएस कोडमध्ये ती नीट दिसतात. माझं मराठीचं काम अजून तिथेच चालतं, व्हिमवाले काहीही म्हणोत.

राहिला बाबांचा प्रश्न. मागायचंच असेल तर आधी लॅपटॉप दुकानात नेऊन रॅमचा दुसरा स्लॉट आहे का ते बघून घे. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते. स्लॉट असेल तर नव्या लॅपटॉपच्या तुलनेत बरंच स्वस्तात काम होईल. आणि त्याआधी ती राहिलेली असाइनमेंट पूर्ण कर, अगदी नोटपॅडमध्ये लिहिलीस तरी चालेल. झाली की मला मेसेज कर.