परतीचा चाप

(बाळकुम, ठाणे येथे भरलेल्या पिस्तूल-दुरुस्ती कारागीर, आर्मरर आणि प्रशिक्षक यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



बाळकुमकरांनी अध्यक्षपद दिलं, शाल-श्रीफळ दिलं, सकाळी गरम पोहे दिले. तिन्हींबद्दल आभारी आहे. मेट्रोच्या कामातून वाट काढत तुम्ही कापूरबावडीहून वेळेवर इथं पोचलात, त्याबद्दल तुमचे वेगळे आभार.

अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. आढावा छापील अहवालात आहे, तो घरी जाऊन वाचा. किती मुलं स्पर्धांना उतरली, काडतुसांची टंचाई कधी झाली, परवान्यांचं काय अडलं, सगळं त्यात आहे. मला मिळालेला वेळ मी एकाच गोष्टीवर खर्च करणार आहे. गेली कित्येक वर्षं ती प्रत्येक परिषदेत चहाच्या वेळेवर ढकलली जाते. आज माईक माझ्या हातात आहे.

माझी तक्रार अशी की आपण चापाचं वजन विचारतो, त्याचं परत येणं विचारत नाही.

रेंजवर असो, फोनवर असो, पहिला प्रश्न ठरलेला: "काका, ट्रिगर किती ग्रॅमचा?" नियम सगळ्यांना पाठ आहेत. १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटरच्या पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम. तपासणीत नळी उभी धरायची, चापाला वजन अडकवायचं, पिस्तुलाने ते उचललं की पास. त्यामुळे सगळ्यांचा जीव त्या वजनात अडकलेला. १०४० असेल तर १००५ करून द्या म्हणून लोक डोंबिवलीहून माझ्याकडे दोन गाड्या बदलून येतात. पण बार उडाल्यावर चाप पुढे कुठवर येतो, कुठं पकडतो आणि बोटाला ते कळतं का, हे विचारणारा माणूस क्वचितच भेटतो.

मागच्या रांगेतल्या नवख्यांसाठी यंत्र थोडक्यात सांगतो. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात एका दाबाला एकच गोळी सुटली पाहिजे. म्हणून स्लाइड किंवा बोल्ट मागे गेला की डिसकनेक्टर चाप आणि सिअर (म्हणजे हातोडा रोखून धरणारी कड) यांची जोडणी तोडतो. स्लाइड पुढे येते, नवं काडतूस चेंबरमध्ये बसतं, पण जोडणी तुटलेलीच राहते. बोट सैल करून चाप जरासा पुढे येऊ दिला की ती पुन्हा जुळते आणि बोटाखाली बारीक 'टक्' जाणवते. हा रिसेट. तो जवळ असावा, स्पष्ट असावा आणि दर वेळी त्याच जागी असावा. तिन्हींत शेवटचं जास्त महत्त्वाचं. बाजाची पेटी विकत घेणारा जाणकार पट्टी दाबून सूर ऐकतो, आणि मग बोट उचलून ती पट्टी चटकन वर येते का तेही पाहतो. आपल्याकडे लाखांची पिस्तुलं घेणारे हे दुसरं पाहतच नाहीत.

जगातल्या कारखानदारांना हे उमगलं आहे. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी पिस्तुलाच्या पहिल्या मालिकेबद्दल लोकांची मोठी कुरकुर होती की रिसेट बोटाला कळत नाही. २०१७ साली दुसरी मालिका आली तेव्हा सुधारलेल्या चापाची जाहिरात होती. वॉल्थरने २०११ साली पीपीक्यू बाजारात आणलं तेव्हा अडीच मिलिमीटरच्या आसपासचा रिसेट छाती काढून सांगितला. ग्लॉकचा चाप कुणाला गोड वाटत नाही, पण त्याची 'टक्' कानात बोळे घातलेल्या माणसालाही बोटात कळते, आणि ते पिस्तूल जगभरच्या पोलिसांनी चालवलं. आपण मात्र अजून ग्रॅम मोजतोय.

आता सकाळच्या सत्रातल्या वादांकडे येतो.

पहिला वाद. एका तरुण प्रशिक्षकांनी मुद्दा मांडला की रिसेटचं कौतुक पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये ठीक आहे, तिथं चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या मारायच्या असतात. मुलींच्या २५ मीटरमध्ये लक्ष्य तीन सेकंद दिसतं, मग सात सेकंद जातं. एका वेळी एकच गोळी. सात सेकंद हातात असताना रिसेटची घाई कशाला?

घाई नकोच. प्रश्न घाईचा नाहीच. माझ्याकडे कल्याणची एक मुलगी आली होती. अचूकतेच्या तीस गोळ्यांत उत्तम, रॅपिडच्या तिसात गोळ्या खाली डावीकडे. प्रशिक्षक म्हणाले, बोट झटकते. वडील म्हणाले, चाप जड आहे. वजन लावलं, ते हजाराच्या जेमतेम वर होतं. मी ग्रिप काढली. पॉइंट टू टू काडतुसाच्या गोळीवर मेणाचा थर असतो. ते मेण, बाराची काजळी आणि कुणीतरी सढळ हाताने ओतलेलं तेल, असा काळा लगदा डिसकनेक्टरच्या खाचेत भरला होता. आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्याचा डिंक झालेला. चाप पुढे यायचा, पण कधी लवकर, कधी अडखळत. बोटाला खात्री नसल्याने ती पोरगी दर गोळीनंतर बोट पार चापाबाहेर काढायची आणि हात वर येताना पुन्हा ठेवायची. दर वेळी नव्या जागी. मी खाच साफ केली, कोरडी पुसली, पिनेच्या टोकावर मावेल एवढं तेल दिलं. वजन केलं तर तेच हजार आणि वर थोडे. ती दोन मिनिटं नुसता चाप सोडत बसली आणि म्हणाली, "काका, हा आता परत येतोय." गोळ्या कुठं गेल्या ते तिच्या प्रशिक्षकांना विचारा, ते याच सभागृहात आहेत.

म्हणजे रिसेट हा फॉलो-थ्रूचा पाया आहे. बार होताच बोट फेकणारा नेमबाज बार होण्याआधीच ते फेकायच्या तयारीत असतो. चाप मागे धरून ठेवायचा आणि मग जाणीवपूर्वक सोडायचा, हे ज्याला येतं त्याला झटका मारायला जागाच उरत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवनला विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं आणि २०१८ साली पालेमबांगला आशियाई सुवर्ण घेतलं. पालेमबांगच्या अंतिम फेरीत थायलंडच्या नेमबाजाशी ३४-३४ अशी बरोबरी झाली, शूट-ऑफमध्येही बरोबरी झाली, आणखी एक शूट-ऑफ लागला. तिथवर पोचल्यावर कुणाचे ग्रॅम कमी आहेत याने निकाल लागत नाही. बोटाला दर वेळी तोच चाप त्याच जागी मिळावा लागतो.

दुसरा वाद पोलिसांच्या पिस्तुलांचा. जड चाप म्हणजे सुरक्षित चाप, असं एका निवृत्त अधिकाऱ्यांनी ठणकावून सांगितलं. मी त्यांचा मान ठेवतो, पण न्यूयॉर्कचं उदाहरण ऐका. तिथल्या पोलिसांच्या ग्लॉकना मुद्दाम १२ पौंडांच्या आसपासचा चाप बसवत असत, म्हणजे साडेपाच किलोच्या जवळ. पिस्तूल स्वतः किलोभराच्या आतलं. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका मारेकऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या. ९ वाटसरू जखमी झाले. सगळा दोष चापाचा, असं मी म्हणत नाही. भेदरलेला माणूस, गर्दी, अपुरा सराव, सगळंच होतं. पण जड चापाने रस्त्यावरच्या माणसाला वाचवलं नाही, एवढं तर दिसलं.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर उद्या माझं नाव सांगून कुणीतरी सरकारी पिस्तुलाची स्प्रिंग कापेल. कर्तव्यावरच्या पिस्तुलाचा चाप हलका करू नका. तो जड राहू दे. परत येताना मात्र बोलला पाहिजे. इशापूरचं नऊ एमएम १ए हे पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं. त्यात मॅगझिन काढलं की चाप चालत नाही. त्यासाठी एक खिट्टी मॅगझिनच्या अंगावर घासत असते, म्हणून चाप खरखरीत लागतो. ती खिट्टी सुरक्षेसाठी आहे, तिला हात लावायचा नाही. मॅगझिनचा पुढचा पत्रा स्वच्छ ठेवायचा आणि बोटाला शिकवायचं.

एका जिल्ह्याच्या वार्षिक गोळीबार सरावात मी हेच केलं. निवृत्तीला आलेला एक हवालदार दर गोळीला चापावर थाप मारत होता. मी त्याला बाजूला घेतलं, मॅगझिनमध्ये ड्रिल (बिनबाराची) काडतुसं भरली, त्याला चाप दाबून धरायला सांगितला आणि स्लाइड मी ओढून सोडली. म्हटलं, आता बोट हळू सोड, आवाज आला की थांब. टक्. पुन्हा दाब. पुन्हा स्लाइड. पुन्हा टक्. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "साहेब, एवढी नोकरी झाली, ही टक् आजच ऐकली." हा दोष त्याचा? चाप ओढायला त्याला शिकवणारे पुष्कळ भेटले. सोडायला शिकवणारा कुणी नव्हता.

तिसरा वाद, इलेक्ट्रॉनिक चापाचा. तो एकसारखा चालतो, मान्य. पण तोही यंत्रच. तोक्यो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकर यांचं पिस्तूल पात्रता फेरीत मध्येच बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पुढे पॅरिसला त्यांनी दोन कांस्यपदकं मिळवली, हे त्यांचं मोठेपण. आपण त्यातून काय शिकलो? पालकांनी महागडं सुटं पिस्तूल घ्यायला सुरुवात केली. आर्मरर ठेवायला कुणी सुरुवात केली नाही.

माझं दुखणं खरं तर इथं आहे. आज नेमबाजाबरोबर प्रशिक्षक असतो, फिजिओ असतो, मन सांभाळणारे असतात, आहारवाले असतात. पिस्तुलाबरोबर कोण असतं? मोबाइलवरची चित्रफीत पाहून स्क्रू फिरवणारे वडील. स्क्रू फिरला की मागचा थांबा सरकतो, चाप जास्त मागे जातो, परतीची वाट लांबते, आणि हंगाम संपल्यावर खोकं परदेशात दुरुस्तीला जातं. शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय शस्त्रदुरुस्तीचा धंदा करता येत नाही, आणि हे योग्यच आहे. पण परवानाधारक म्हातारे होत चाललेत आणि त्यांच्या हाताखाली शिकायला पोरगा येत नाही, कारण या कामाला ना पद आहे, ना पगार, ना नाव.

आणि हे कुठं चाललंय? ठाण्यात! पलीकडे वागळे इस्टेटमध्ये मायक्रॉनमध्ये मोजून ग्राइंडिंग करणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या गेल्या. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे. खडकी आणि वरणगावला काडतुसं बनतात. सिअरची कड कशी बसते हे ज्याला समजावं लागत नाही, हाताला आपोआप कळतं, असा टूलरूमचा माणूस या शहरात बेकार बसलाय. आणि आमची पोरं चापासाठी इटली-जर्मनीकडे बघतायत. मला हे सहन होत नाही.

करायचं काय, ते सांगतो. आयटीआयच्या पातळीवर आर्मररचा रीतसर अभ्यासक्रम सुरू व्हावा म्हणून आपण शासनाकडे जाऊ. मसुदा कुणीतरी लिहायला घ्यावा. प्रत्येक क्लबाने पिस्तुलागणिक चापाची वही ठेवावी: वजन, पहिला टप्पा, तुटण्याची जागा, रिसेटचं अंतर, शेवटची सफाई. नमुना कार्यकारिणी ठरवेल. वागळे इस्टेटच्या जुन्या टूलरूमवाल्यांची एक बैठक दिवाळीनंतर बोलवू. समिती नेमायची तर नेमा, पण तिच्यात हाताला तेल लागलेला निदान एक माणूस घ्या.

प्रशिक्षकांना माझं एकच सांगणं आहे. या आठवड्यात एक सत्र गोळी न झाडता घ्या आणि मुलांना फक्त चाप सोडायला शिकवा. आयोजकांनाही एक सांगतो. पुढच्या स्पर्धेच्या पत्रिकेत प्रशिक्षकाच्या नावाखाली आर्मररचं नाव छापा. जागा कमी पडत असेल तर प्रमुख पाहुण्यांच्या यादीतलं एक नाव कापा. ते माझं असलं तरी चालेल.