तीन बोटांचे माप



मयूर विहारातील अनेक ज्येष्ठांच्या घरी हल्ली काटेरी लाकडी रूळ दिसतो. तो तळव्यांखाली फिरविला की व्याधी पळते, ही श्रद्धा. बिंदू दाबण्याची विद्या चिनी खरी. तळव्यावर सर्व अवयवांचा नकाशा मांडण्याची कल्पना मात्र गेल्या शतकात अमेरिकेत रूढ झाली!

या चिनी विद्येशी आपल्या सोलापूरचे नाव जोडले गेले, तेही आडवाटेने. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांत नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस शल्यवैद्य; १९४२ साली ते तिकडेच निवर्तले. सुया टोचण्याची विद्या इकडे रुजविली ती त्यांचे सहकारी डॉ. बसू यांनी, कलकत्त्यात. तरीही लुधियान्याच्या सुई-उपचार रुग्णालयास नाव आहे ते कोटणीसांचे.

चिनी वैद्य बिंदू शोधताना रोग्याचीच बोटे माप म्हणून घेतो. आपल्या आयुर्वेदातही ज्याचे त्याचे अंगुळच प्रमाण मानले आहे. घाटात मोटार लागत असेल तर मनगटाच्या आतील घडीपासून आपली तीन बोटे वर, मधल्या दोन कंडरांच्या मध्ये, अंगठ्याने दोन-तीन मिनिटे दाबून पाहावे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूचा उपयोग चाचण्यांत दिसून आला आहे. अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यातील बिंदू डोकेदुखीसाठी दाबतात. गरोदर स्त्रियांनी तो टाळावा, असा चिनी संकेत आहे.

काढे-गोळ्यांच्या बाबतीत मात्र आम्ही कठोर आहोत. दवण्याच्या जातीतील एका चिनी वनस्पतीपासून हिवतापाचे औषध शोधून तू योयो यांनी २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळविले, हे खरे. पण त्यामागे प्रयोगशाळेतील कसोटी होती. १९९० च्या सुमारास बेल्जममध्ये वजन घटविण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी भलतीच मिसळली गेली आणि शंभराहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांस इजा झाली. आपल्याकडील ईश्वरी त्या घातक वनस्पतीच्याच जातीची आहे.

राहता राहिला तो रूळ. मधुमेहात तळवे बधिर होतात, टोचलेले कळत नाही आणि जखम चिघळते. अशांनी तो कपाटातच ठेवावा. इतरांनी खुशाल फिरवावा. परंतु रक्तदाबाची सकाळची गोळी आधी घ्यावी.