पोकळीत जाणारी वाट



विजेचा पिवळा दिवा आता एल.ई.डी. दिव्यांपुढे मागे पडला आहे. तरी शाळेच्या कपाटात एखादा निकामी दिवा अजून सापडेल. काच पारदर्शक असेल तर तो निरखून पाहा. आत काचेचा एक देठ आहे. त्याचे टोक चिमटीत दाबल्यासारखे चपटे आहे आणि त्या चपट्या काचेतून दोन तारा वर गेल्या आहेत. आपण आज बोलणार आहोत ते या तारांच्या वाटेविषयी. वीज आत जावी, पण हवा जाऊ नये, हे साधते कसे?

त्यात काय अवघड, असे आपण म्हणाल. भोक पाडावे, तार घालावी आणि लाखेने बुजवावे! पण लाख दिव्याच्या उष्णतेने मऊ पडते. आणि बाहेरची हवा काही गप्प बसत नाही. दर चौरस सेंटिमीटरवर तिचा भार सुमारे 1 किलो. 6 सेंटिमीटर व्यासाच्या निर्वात गोळ्यावर सगळीकडून मिळून शंभर किलोंहून जास्त. केसाएवढी फट मिळाली तरी ती आत शिरणार, आणि तापलेला तंतू जळून जाणार. पुढे मोठ्या दिव्यांत आरगॉनसारखा निष्क्रिय वायू भरू लागले, तरी हवा आत येता कामा नये ही अट कायमच राहिली.

म्हणून तार वितळलेल्या काचेतच बसवतात. पण इथे दुसरी अडचण येते. गावचा लोहार धाव तापवून चाकावर चढवतो. गार होताना ती आकसते आणि चाक आवळून धरते. तापले की वाढायचे, निवले की आकसायचे, हा धातूचा स्वभाव. मात्र सगळे पदार्थ सारखे वाढत नाहीत. 1 मीटर लांबीची तांब्याची तार 100 अंशांनी तापवली तर सुमारे 1.7 मिलिमीटर वाढते; दिव्याची साधी काच मात्र 0.9 मिलिमीटरच. मग निवताना जाड तांबे काचेपासून सुटते, नाही तर काच तडकते.

प्लॅटिनम मात्र जवळजवळ काचेइतकेच वाढते. म्हणून एडिसनने 1879 च्या दिव्यात प्लॅटिनमच्या तारा घातल्या. सांधा उत्तम साधला. पण असला मौल्यवान धातू प्रत्येक दिव्यात घालायचा, तर तो दिवा गरिबाच्या घरी कधी जायचा?

वाट दाखवली ती लोखंड आणि निकेल यांच्या मिश्रणाने. निकेलचे प्रमाण बदलले की मिश्रणाचे प्रसरणही बदलते. या मिश्रधातूंच्या संशोधनाबद्दल गीयोम या शास्त्रज्ञाला 1920 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आत लोखंड-निकेलचा गाभा आणि वर तांब्याचे पातळ वेष्टन, अशी तार निघाली. गाभा कमी वाढतो, तांबे जास्त. दोघांचा मेळ बसून तारेची जाडी काचेच्या बेताने वाढते. शिवाय तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काचेत मुरतो आणि सांधा पक्का होतो. प्लॅटिनमची गरज संपली.

तार एका जागी स्थिर असते. पण पोकळीत काही हलवायचे असेल तर? रॉबर्ट बॉइलच्या 1659 च्या हवापंपात झाकणाला घासून बसवलेले पितळी शंकूच्या आकाराचे बूच होते. ते फिरवले की आतली दोरी गुंडाळली जाई. पण जिथे घासण आली, तिथे गळतीची भीती आलीच. म्हणून आज पुष्कळ ठिकाणी धातूचा घडीदार भाता वापरतात, पेटीच्या भात्यासारखा. भाता दबतो, वाकतो, आतली दांडी हलते. पण सांधा कुठेही घासत नाही.

आणि सर्वांत नामी युक्ती म्हणजे वाटच न ठेवणे! इस्पितळांतल्या पुष्कळ क्ष-किरण नळ्यांत धातूची एक तबकडी पोकळीत गरगर फिरत असते. तिला फिरवणारी वेटोळी बाहेर असतात. भिंतीतून आरपार जाते ते फक्त चुंबकीय बळ.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात एवढे करून दाखवा. काचेच्या बंद बाटलीत एक टाचणी ठेवा आणि बाहेरून लोहचुंबक फिरवा. बूच न उघडता टाचणी चालू लागेल. निकामी दिवाही मुलांना दाखवा, मात्र फोडू नका. नळीचे दिवे तर मुळीच फोडू नका, कारण त्यांत पारा असतो. देठातल्या त्या दोन तारांवर मुलांचे बोट ठेवा आणि विचारा, “ही वाट बंद आहे की उघडी?” उत्तर त्यांनाच शोधू द्या.